आपसूक आलेली फाइल

१

रोज सकाळी दहाला मी सृष्टीला फोन लावायचो. ती तेव्हा औरंगपुऱ्यातल्या दुकानाचं शटर वर करून केर काढत असायची.

"किती?"

"चोवीस, आबा."

"इकडं पण चोवीस." आणि फोन बंद.

कशी आहेस, काय खाल्लं, असलं काही नाय. फोनवर गप्पा हाणणारी माणसं मला खपत नाय.

सृष्टी माझी नात, माझ्या मुलाची, अजिनाथची पोरगी, राहते शहरातच. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते, झेरॉक्स काढते. मी सांडू. शेंद्र्याला कंपन्यांच्या तारेला लागून आमची वस्ती हाये. शाळा दुसरीपर्यंत. आकडे पक्के, अक्षरं जोडून जोडून. हे पण तसंच लिहितोय. चुकलं तर तुमचं तुम्ही नीट करून वाचा. जन्म मेंढरांमागं गेला, आता अकरा उरलीत. बायको कस्तुराबाई दोन वर्षांमागं चुलीपुढं कोसळली. डावं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. तेव्हापासून बाजेवर. उजवा हात शाबूत आणि शिव्या शाबूत. मला 'मुडद्या' म्हणायची, ते आता 'मुल्ल्या' असं निघायचं. पण जोर तोच.

मुलगा-सून दोघं कंपनीत. मी दहाचा फोन झाला की मेंढरं घेऊन माळाला. शेजारची चंपाबाई डोकावते, पण तिचं डोकावणं म्हणजे आमच्याच साखरेचा चहा पिऊन जाणं. म्हणून सृष्टीनं खोलीत कॅमेरा लावला आणि दुकानातला जुना कॉम्प्युटर आणून फळीवर ठेवला. दर तासाची एक फाइल बनते. रात्री बाराला शून्य नंबरची, मग एक, दोन, अशी तेवीसपर्यंत. चोवीस तास, चोवीस फायली. आमच्याकडं रेंज मेलेली, चालू चित्र दिसत नाय. पण रेंजमधी जीव आला की फाइल आपोआप इकडून दुकानात सरकते. पोरगी फॉर्म भरता भरता आजीकडं बघून घेते.

"हे सरकवतं कोण?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"एक सॉफ्टवेअर आहे, आबा. फुकट. कुठल्या कंपनीचं नाही. त्याचं आतलं सगळं उघडं असतं, ज्याला वाटलं त्यानं वाचावं, सुधारावं. आपले दोन कॉम्प्युटर एकमेकांशी थेट बोलतात. मधी कोणी नाही."

"म्हणजे गायरान. सगळ्यांचं, अन् राखण कुणाचीच नाय."

"तुम्हाला फुकटचं पण टोचतं."

"फुकटचंच टोचतं."

पण मोजायचं काम मी घेतलं. सांजंला मेंढरं जाळीत घेताना मोजतो, तसं पडद्यावर बोट ठेवून मोजायचो. मशीन मोजतं म्हणे. मोजू दे. मी पण मोजतो.

२

वैशाखातला मंगळवार होता.

"किती?"

तिकडं पोरगी पुटपुटत मोजत होती.

"अगं, किती?"

"पंचवीस."

"परत मोज."

"तीनदा मोजलं, आबा."

आता ऐका. मेंढरू एक कमी आलं तर त्याची कारणं असतात. लांडगा असतो, चोर असतो, कुणाची गाडी असते. माणूस शिव्या देतो आणि शोधायला निघतो. एक जास्त आलं की मात्र माणूस जागच्या जागी उभा राहतो.

"नंबर काय तिचा?"

"चोवीस."

"मग बरोबर हाये की."

"नाही हो. शून्यापासून सुरू होतं ना. तेवीसवर दिवस संपतो. चोवीस नंबरचा तासच नसतो."

मी आमच्या पडद्यावर बोट ठेवून मोजलं. चोवीस. शेवटची तेवीस. जिथं कॅमेरा, तिथं चोवीस. जिथं कॅमेराच नाय, त्या औरंगपुऱ्यात पंचवीस. असं कुठं असतं का? वासरू गायीआधी गोठ्यात?

"उघडून बघितली?"

"बघितली."

"काय हाये?"

"तुम्ही या," ती म्हणाली. दहावीचा निकाल लागला तेव्हा तिचा जसा आवाज झाला होता, तसाच. रडते का हसते, कळायला मार्ग नव्हता.

३

चंपाबाईला कस्तुरेपाशी बसवलं, मेंढरं कोंडली, आणि खच्चून भरलेल्या रिक्षात अर्ध्या मांडीवर बसून शहरात गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. सृष्टीनं मला तिच्या खुर्चीत बसवलं आणि पडदा माझ्याकडं वळवला.

आमचीच खोली. तीच बाज, तीच फळी, कॅलेंडरचं तेच पान. बाजेवर कस्तुराबाई. नंबर रात्री तेवीसच्या पुढचा, पण खिडकीतून ऊन आत आलेलं, दुपारचं. बराच वेळ काही नाय. मी म्हणलं, "यासाठी मला उन्हाचं आणलं?"

"थांबा ना."

आणि तिचा डावा हात उचलला गेला.

डावा! दोन वर्षं तो हात मी उचलून ठेवत होतो, पुसत होतो, कूस बदलताना अंगाखालून काढत होतो. तो आपला आपण उचलला गेला, केसावरून फिरला. मग बाई उठून बसली. पाय खाली सोडले. उभी राहिली! कोपऱ्यातला झाडू घेतला आणि बाजेखालून झाडायला लागली. आधी कोपरे, मग मधलं, तिच्या पद्धतीनं.

"अरे बघा! बघा माझी म्हातारी!" मी एवढ्या जोरात ओरडलो की गिऱ्हाइकाच्या हातचे कागद पडले. खुर्चीतून उठून टाळी वाजवली मी. सत्तरी ओलांडलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा.

"आबा, बसा."

"आवाज वाढव."

आवाज वाढवला. झाडूचा खस खस आवाज. दुसरं काही नाय. मला ते लगेच कळलं नाय, पण काहीतरी कमी होतं. आमच्या भिंतीपलीकडं कंपनी चोवीस तास घुमते, जात्यासारखी. झोपेत पण ती घुमते. या तासात ती घुमत नव्हती. एवढी शांतता त्या माळावर मी कंपन्या यायच्या आधी ऐकली होती.

मला ती शांतता पण गोड वाटली. तेव्हा सगळंच गोड वाटत होतं.

४

घरी आलो तर बाई बाजेवर, आडवी, तोंड वाकडं. मला बघून म्हणाली, "मुल्ल्या, कुठं उलथला होता?"

दुसऱ्या दिवशी पंचवीस. तिसऱ्या दिवशी पंचवीस. रोज एक चोवीस नंबरची, फक्त दुकानात. एका दिवशी तिनं गोधड्या घड्या केल्या. एका दिवशी उंबऱ्यात बसून डाळ निवडली.

मी काय भोळा नाय. सगळं तपासलं. जुनं चित्र असेल म्हणावं, तर कॅमेरा होळीनंतरचा. दुसरी बाई असेल म्हणावं, तर पन्नास वर्षं ती पाठ बघतोय मी. सृष्टी म्हणाली, आजकाल खोटे व्हिडिओ बनवतात. मी म्हणलं, आपल्या घरातला केर काढायचा खोटा व्हिडिओ कोण बनवील, त्याला दुसरा धंदा नाय का? तिनं यादी उघडून दाखवली. दोन मशीनं. एक घरचं, एक दुकानाचं. तिसरं नाय.

"आणखी एक आहे, आबा," ती म्हणाली. "या तासात तुम्ही एकदाही दिसत नाही."

"माळाला गेलो असेन."

"खुंटीवर तुमचा रुमाल नाही. काठी नाही. दाराजवळ तुमच्या वहाणा नाहीत. तीनही दिवस."

"सगळं घेऊनच जातो मी माळाला."

तिनं पडद्यावर एक लाल बटण दाखवलं. "हे म्हणतंय, इथं एक फाइल जास्त आहे, मूळ जागी नाही. दाबलं की काढून टाकतं. दाबू?"

"हात लावशील तर!"

आमच्यात एक रीत हाये. कळपात आपसूक आलेलं मेंढरू हाकलायचं नाय. तीन दिवस वाट बघायची. मालक हुडकत आला तर द्यायचं, त्याला चहा पाजून. नाय आला तर चौथ्या दिवशी गेरूत चार बोटं बुडवायची, पाठीवर पट्टा ओढायचा आणि म्हणायचं, आजपासून आमची. मग ती आमची. माझ्या बापानं असंच केलं, त्याच्या बापानं असंच केलं. आपल्या दारी चालत आलेलं कोण सोडतं?

"तीन दिवस झाले. मालक आला का कुणी?"

"आबा, ही मेंढी नाही."

"आमच्या घरात आण तिला. तिकडं अडकून काय उपयोग?"

मग तिनं समजावलं. आतापर्यंत घर फक्त पाठवत होतं आणि दुकान फक्त घेत होतं. आता दोन्हीकडून देणं-घेणं सुरू करावं लागेल. इकडं जे होईल ते तिकडं, तिकडं जे होईल ते इकडं. एकीकडं पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जाणार. "कळतंय ना?"

"कळतंय. कर."

तिनं केलं. मी घरी गेलो, डब्यातला गेरू पाण्यात कालवला आणि फळीवरच्या कॉम्प्युटरच्या पाठीवर चार बोटांचा पट्टा ओढला. "आजपासून आमची," म्हणलं. कस्तुरा बाजेवरून बघत होती.

"याड लागलं," ती म्हणाली. तेवढं मात्र नीट निघालं तिच्या तोंडातून.

५

दुसऱ्या दिवशी आमच्या पडद्यावर पण पंचवीस.

आणि सकाळी उठलो तर बाजेखालची जमीन लख्ख. सुनेला विचारलं, तू झाडलं? ती म्हणाली, मला कामावर जायची घाई, मी कशाला बाजेखाली शिरते? त्याच्या पुढच्या दिवशी गोधड्या घड्या केलेल्या. काठ आत दुमडून. तशी घडी या घरात एकच बाई करते.

माझ्या पोटात लाह्या फुटत होत्या! कुणाला सांगावं? अजिनाथला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, ऊन लागलंय तुम्हाला, डोक्याला कांदा लावा." मी त्याला त्याची लायकी सांगितली.

शनिवारी मी कस्तुरेला भरवत होतो. डावा हात गोधडीवर पडलेला. त्याची करंगळी हलली.

"कस्तुरे! हलव परत!"

"न्हाय मी हलवली," ती म्हणाली.

"अगं हलली, मी बघितली!"

"मी न्हाय," ती म्हणाली आणि त्या हाताकडं बघत राहिली. आपल्या बाजेवर दुसऱ्याचं कुत्रं येऊन बसावं आणि माणसानं बघावं, तशी बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणलं, आनंदाचं असणार.

मी म्हणलं. तिला विचारलं नाय.

६

सोमवारी बसली. बुधवारी भिंत धरून उभी राहिली. गुरुवारी मी मेंढरं घेऊन आलो तर अंगणात अर्धी वस्ती जमलेली आणि मधोमध माझी बायको चालत होती!

काय तो दिवस! अजिनाथ, एवढा मिशाळ गडी, तिच्या पायाशी बसून हमसून हमसून रडला. चंपाबाई म्हणाली, मीच रोज अंगारा लावत होते. चहाचं बोलली नाय. दवाखान्यात नेलं, डॉक्टरीण म्हणाली, एवढं भराभर सहसा होत नाय, पण झालंय तर चांगलंच. तोंड सरळ. बोलणं साफ. भाकरी थापली तर चंद्रासारखी गोल. मी तीन खाल्ल्या, मग अर्धी आणखी.

"वाढू का हो अजून?" तिनं विचारलं.

"वाढ!"

खाऊन अंगणात येऊन बसलो आणि मग ध्यानात आलं. हो? पन्नास वर्षांत या बाईनं मला 'हो' म्हणलं नव्हतं. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तर 'हे बेणं' म्हणाली होती, सगळा मांडव हसला होता.

मी म्हणलं, दुखण्यानं माणूस मऊ होतं. होत असेल.

दोन दिवसांनी ती दारात उभी होती, डोकं जरा वाकडं करून.

"काय ऐकते?"

"हे काय घुमतंय हो सारखं?"

"कंपनी."

"कधीपासून?"

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं, गोड हसली आणि आत गेली.

७

रविवारी ती न्हाऊन उंबऱ्यात केस वाळवत बसली होती. पाठ माझ्याकडं. पदर खांद्यावरून उतरलेला. मानेच्या खाली, पाठीवर, लाल पट्टा. चार बोटांचा.

मी जवळ गेलो. माझी बोटं त्यावर ठेवली. करंगळीपाशी थोडं वाकडं गेलेलं, कारण माझी करंगळी लहानपणी मोडलीय. बरोब्बर बसली. धोतराच्या सोग्यानं पुसलं. न्हाऊन आलेल्या ओल्या पाठीवरचा गेरू, पण जरा सुद्धा निघाला नाय.

"हे कुठं लागलं?"

"तुम्हीच लावला की हो," ती म्हणाली. मागं न बघता.

मी तिथून निघालो तो माळावर जाऊनच थांबलो. सृष्टीला फोन लावला. कस्तुरा चालायला लागल्यापासून मी मोजायचंच सोडलं होतं. कशाला मोजायचं, पदरात पडलं होतं ना.

"पोरी, ती फाइल अजून येते?"



"येते."

"बोलली नाय तू."

"तुम्ही इतके खूश होता, आबा."

८

घरचा पडदा तिच्यासमोर उघडायचा नव्हता, म्हणून थेट शहरात गेलो. दुकान बंद होतं रविवारचं. तिनं अर्धं शटर वर केलं, आम्ही वाकून आत शिरलो.

तीच खोली. तेच दुपारचं ऊन. आणि बाजेवर कस्तुराबाई, आडवी. तोंड वाकडं. डावा हात बाहेर लोंबलेला, कुणी उचलून ठेवलेला नाय. गोधडी खाली पडलेली. खोलीत कुणी नाय. पूर्ण तासभर कुणी येत नाय. खुंटी मोकळी. चूल थंड.

ती उजव्या हाताचा अंगठा तोंडाकडं नेत होती. पुन्हा पुन्हा. पाणी.

"कधीपासून?"

"गुरुवारपासून." सृष्टी रडत होती.

त्या शांततेत बाजेवरची कॅमेऱ्याकडं बघून बोलली. हळू, पण स्वच्छ ऐकू आलं. "मुल्ल्या."

देवाशप्पथ सांगतो, एवढी गोड शिवी जन्मात ऐकली नाय. माझी बायको! ती माझी बायको होती! मग घरी भाकरी थापते ती?

"आबा, सगळं बंद करते," सृष्टीनं माऊस धरला. "पहिल्यासारखं करते. ही चोवीस नंबरची सगळी पुसून टाकते, म्हणजे सगळं जिथल्या तिथं..."

"थांब! तूच म्हणाली ना, एकीकडं पुसलं की दोन्हीकडं पुसतं?"

"हो."

"मग पुसल्यावर कोण पुसलं जाईल?"

तिनं माऊसवरचा हात असा काढला, जसा तापल्या तव्यावरून काढावा.

"अन् दुसरं काय म्हणाली होती? जे इकडं होईल..."

"ते तिकडं."

मी उठलो. काठी विसरलो, ती पोरगी रस्त्यावर पळत येऊन देऊन गेली.

घरी ती भांडी घासत होती. मी रांजणातून तांब्या भरला आणि रिकाम्या बाजेपाशी, उजव्या हाताला, हात पोचंल असा ठेवला. लोंबणारा हात मनात धरून उशी जरा डावीकडं सरकवली. गोधडी पसरली.

"कुणासाठी हो?" मागून आवाज आला.

"मला तहान लागते दुपारची."

"रांजण जवळच आहे की."

"माझं घर हाये. कुठं बी ठेवीन."

दुसऱ्या दिवशी दहाला फोन मी लावायच्या आधीच वाजला.

"आबा! तांब्या!"

"कुठं?"

"बाजेपाशी! आजीचा हात पोचला. सांडलं थोडं उशीवर, पण प्यायली! पूर्ण प्यायली, आबा!"

मी जाळीपाशी मेंढरांमधी नाचलो. खरंच नाचलो, दोन्ही हात वर करून. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन बघत उभा राहिला तर त्याला पण ओरडून सांगितलं, "पोचलं रे! पाणी पोचलं!" तो म्हणाला, "बरं झालं काका." त्याला काय कळलं त्याचं त्याला माहीत.

९

मग मी रोज ठेवायला लागलो. दुधात कुस्करलेली भाकरी. केळं सोलून. ओलं फडकं. सृष्टी रोज दहाला सांगायची. खाल्लं. अर्धं खाल्लं. आज हसली. आज तुम्हाला शिव्या घातल्या, दूध गोड नव्हतं म्हणून. मी साखर वाढवली.

घरातली ती बाई काही विचारत नव्हती. माझ्याकडं बघायची, बाजेकडं बघायची, आणि भाकरी वाढताना थोडी छोटी वाढायची. अजिनाथला एकदा म्हणाली, "तुझ्या बाबांचं बघ रे जरा, रिकाम्या अंथरुणाला भरवतात." तो माझ्याकडं असा बघायला लागला, जसा मी दोन वर्षं त्याच्या आईकडं बघत होतो.

शुक्रवारी ऊन फार होतं, मेंढरं तोंडं उघडी टाकायला लागली म्हणून बाराच्या आतच परत फिरलो. दारापर्यंत आलो तर आतून ओढल्याचा आवाज. लाकूड जमिनीवर.

आत गेलो. गोधडी, उशी, तांब्या सगळं बाहेर काढून ठेवलेलं. तिनं बाज ओढून भिंतीपाशी नेली होती आणि एका बाजूनं उचलली होती. दोन पाय हवेत.

"काय करते?"

"उभी करते हो. मोकळी बाज खोली अडवून बसलीय. खाली सारवून घेते स्वच्छ."

आमच्यात बाज उभी करतात ती माणूस गेल्यावर. जिवंत माणसाची बाज उभी करत नाय. तिला माहीत होतं का नव्हतं, मला सांगता येत नाय. मला एवढंच दिसत होतं की इकडं ही बाज उभी राहिली की तिकडं पण उभी राहणार. आणि तिकडं त्या बाजेवर माणूस होतं.

"खाली ठेव!"

"असं काय करता?"

मी धावलो. या वयात! एका हातानं पाय धरला, अंगाचा भार टाकला. तिनं सोडली नाय. दोन्ही हात सारखेच बळकट तिचे, डावा पण. बाज मधल्या मधी थरथरत होती. भिंतीपलीकडं कंपनी घुमत होती. माझ्या हातातून सुंभ सुटायला लागलं, आणि मग मी डोकं चालवलं नाय, अंग चालवलं. तिरक्या बाजेवर छातीनं पडलो आणि सगळा भार खाली दाबला. धाडकन चारही पाय जमिनीला टेकले. मी तसाच उलटा झालो आणि पाठीवर पसरलो. धाप लागलेली, डोळ्यांपुढं काजवे, आणि काय सांगू, आतून असा जोर आलेला की आता दहा जण आले तरी मी हलणार नव्हतो!

ती डोक्यापाशी उभी राहिली.

"उठा की हो."

"नाय उठत."

"जेवायला वाढते."

"नाय जेवत."

"किती दिवस झोपून राहणार?"

"तुला काय करायचंय?"

ती गेली नाय. मला तिचा श्वास ऐकू येत होता, एकसारखा. मी छताकडं बघत पडलो. फळीवर कॅमेऱ्याचा बारका हिरवा दिवा लागलेला होता. घेत असंल तर घेऊ दे, म्हणलं.

मग सुंभ करकरलं. मी हललो नव्हतो, ती डोक्यापाशीच उभी होती. माझ्या उजव्या अंगाला बाज हळूच खाली गेली, कुणी टेकल्यावर जाते तशी, आणि आणखी थोडी, आणि थांबली.

मी अंग चोरलं, कडंला सरकलो आणि जागा करून दिली.